डोलकाठीच्या नव्या तारा

भुसावळचे शकील मिस्तरी आयुष्यभर क्रेनचे वायररोप बसवत आले. शिरपूरजवळ कापसाच्या एका जिनिंगची शेड उभी करताना त्यांचा पाय सटकला, तेव्हा सोबतच्या सुकलालनं वरच्या वर त्यांचा हात पकडला आणि शिडी येईपर्यंत सोडला नाही. शकील वाचले, सुकलालचा खांदा मात्र कायमचा गेला. सातपुड्याच्या पायथ्याचा तो गडी पुन्हा उंचावर चढला नाही. हतनूर धरणावर नौकाविहाराच्या एका क्लबात राखणदार म्हणून लागला आणि तिथंच शिडाची होडी हाकायला शिकला.

त्या दिवसाबद्दल सुकलाल कधी बोलला नाही. शकीलना मात्र घरात काही चांगलं घडलं, की सुकलालच आठवायचा. मुलगी सबीहा नर्स झाली, तेव्हा पेढ्यांचा पहिला पुडा घेऊन ते हतनूरला गेले होते.

यंदा हिवाळ्यात सुकलालचा फोन आला. क्लबातल्या होडीची डोलकाठी उभी धरणाऱ्या एका तारेचे पदर तुटायला लागले होते. दुसऱ्याच सकाळी शकील हत्यारांची पिशवी घेऊन हजर झाले.

शिडाची होडी त्यांनी जवळून कधी पाहिली नव्हती. पुढची एक आणि बाजूच्या दोन, कुठल्या तारेवर केव्हा जोर येतो, ते सुकलालनं समजावलं. मग शकीलनी तिन्ही बदलायच्या ठरवल्या. काठीला आधी दोरांचा आधार दिला, एकेक जुनी तार सोडवून तिच्या मापाची नवी चढवली. ताण देणारे टर्नबकल ते फिरवत होते आणि काठी सरळ आहे का, ते सुकलाल लांब उभा राहून सांगत होता. एका बाजूची, तार अडकवायची पट्टी चिरलेली निघाली. ती त्यांनी भुसावळहून नवी करून आणली. शेवटी तारा अडकवलेल्या पिना निसटू नयेत म्हणून त्यांची टोकं वाकवून वर टेप गुंडाळली.

"तारा मी बांधल्या, तर पहिला मीच बसणार," शकील म्हणाले. पोहता येत नव्हतं, म्हणून सुकलालनं त्यांना लाइफ जॅकेट चढवलं.

शिडात वारा भरला, होडी कलली, तारा ताठ झाल्या. शकीलनी बाक घट्ट धरला.

"भेव वाटस का रे?" सुकलालनं विचारलं.

"नाही. सुकलालभाऊ, त्या दिवसानंतरचं सगळं आयुष्य तुझ्यामुळे मिळालं. तोंडानं सांगायचं राहूनच गेलं होतं."

सुकलालनं शिडाचा दोर जरा सैल सोडला.

"खांदा गया, पन तू जित्ता शे ना," तो म्हणाला. "मले तेच पुरं शे."

समोरचा काठ जवळ आला होता. होडी वळवायला त्यानं सुकाणू फिरवलं आणि शिडाचा आडवा दांडा डोक्यावरून फिरणार म्हणून शकीलना डोकं खाली घ्यायला सांगितलं.