तगरीचा काळा-पांढरा फोटो

माझी नणंद मुरुडला कालेजात जाते, मी आठवीत शाळा सोडली. त्यामुळं फोटोतलं कळतं ते तिलाच, असं घरात सगळे म्हणायचे, मी पण म्हणायचे. तिच्या कालेजात फुलांच्या फोटोंची स्पर्धा होती, एकाच फुलाचे दोन फोटो द्यायचे, एक रंगीत आणि एक काळा-पांढरा. एसटी पकडायच्या आधी ती मला परसात बोलवायची, फांदी मी वाकवायची, फोटो तिनं काढायचा. बघून बघून मी पण माझ्या मोबाईलवर काढायला लागले.

रंग काढून घेतला की फुलाचं काय होतं ते तेव्हा पहिल्यांदा बघितलं. लाल जास्वंद काळपट पडते, पान कुठलं नि पाकळी कुठली कळत न्हाय. अबोलीची तर राखच. पण तगर! रंगीत फोटोत तिच्याकडं कोण बघत न्हाय, हिरव्यात पांढरा ठिपका नुसता. काळ्या-पांढऱ्यात तिची एकेक पाकळी वळलेली दिसते, वरचं पाणी दिसतं, कडेची सावली दिसते. माझा तो फोटो नणंदेच्या फोटोपेक्षा चांगला आला. तीच म्हणाली.

"वहिनी, हा स्टेटसला टाक."

"नको गो, मयताचा वाटतो. कोण गेलं की आपल्यात असंच पांढरं फूल टाकतात."

"तू पण ना! आता सगळे असेच टाकतात. आण इकडं."

माझ्या मोबाईलवरनं तिनंच टाकला नि एसटीला पळाली.

माझा नवरा तेव्हा बोटीवर, मासेमारीला गेलेला, चौथा दिवस होता. ते निघाले तेव्हा बाळाच्या अंगात ताप होता. तो दुसऱ्या दिवशी उतरला, पण आत समुद्रात रेंज न्हाय, त्यांना कळणार कसं? हे माझ्या डोक्यातच आलं न्हाय.

मी भांडी घासत होते. शेजारीण धावत आली, दारातच म्हणाली, "पोर कुठं हाय?"

"झोपलाय."

ती आत गेली, बाळाच्या छातीवर हात ठेवला, मग बाहेर येऊन मला म्हणाली, "मेले, जीव घेतलास माझा!" तिच्या मागनं चुलत सासू, तिच्या मागनं माझी सासू, मासळीची टोपली बाजारातच टाकून, रडत. मी स्टेटसवरनं फोटो काढून टाकला, पण तोवर सगळ्या कोळीवाड्यानं बघितला होता. बोटीवरच्या एकानं पण. किनाऱ्याजवळ रेंज आली, त्याला फोटो दिसला, तांडेलानं, म्हणजे बोटीच्या म्होरक्यानं, जाळी ओढून बोट तशीच आगरदांड्याच्या बंदराला वळवली. माझ्या नवऱ्याला मला फोन करायची हिंमतच झाली न्हाय.

दुपारी ते ओल्या कपड्यानं आत आले, बाळाला उचललं नि तिथंच खाली बसले. मग विचारलं, "कोणी टाकला?"

नणंद तेव्हा घरात आली होती. मी तिच्याकडं बघितलं.

"मी कशाला टाकू, दादा? मी तर कालेजात होते."

"बाय, सकाळी तूच माझ्या हातातनं मोबाईल..."

"वहिनी, माझ्यावर नको ढकलू हां."

सासू म्हणाली, "कालेजात जाणारी पोर असली चूक करल व्हय? हे अडाण्याचं काम!"

मला खूप बोलायचं होतं, मी नको म्हणत होते ते, मयताचा वाटतो म्हटलं होतं ते. पण मी घाबरले, तोंड उघडलं तर नुसतं रडूच आलं. रडणं बघून त्यांना वाटलं मीच टाकला. नणंद खाली बघून पायाच्या अंगठ्यानं जमीन खरवडत होती. एवढंसं बोलायचं होतं तिला, दोन शब्द. तिला भावाची भीती वाटली असल. मला न्हाय वाटत व्हय?

"मोबाईल आयेकडं दे," ते म्हणाले.

दिला.

आता बोट बंदराला लागली की त्यांचा फोन सासूला येतो. मी बाळाला कडेवर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहते. सासू मोठ्यानं सांगते, पोर बरा हाय, जेवला, खेळतो. मग फोन ठेवते. ते माझं कधी विचारतात का, ते मला ऐकू येत न्हाय.