रीळ माझं, पसंती साहेबांची

बोईसरला राहत असताना एका रविवारी तारापूरच्या किनाऱ्यावर माझ्या हातातलं गळाचं रीळ अडकलं आणि दांडगा रावस निसटून गेला... साठच्या दशकातली गोष्ट. इतकी वर्षं झाली तरी आठवलं की राग येतोच, म्हणून आज लिहून टाकते.

तेव्हा तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं आणि आमचे हे तिथे सुपरवायझर होते. आम्ही मूळचे सांगलीकडचे. गळ टाकायला मला वडिलांनी शिकवलं, कृष्णेच्या काठी... लग्न होऊन निघाले तेव्हा भांड्यांबरोबर त्यांचा रॉड आणि रीळही घेऊन आले.

ते रीळ नदीवरचं. तारापूरच्या खाऱ्या पाण्याने एका हिवाळ्यात त्याची वाट लावली. नवीन घ्यायचं ठरलं तेव्हा मला असं हवं होतं, की जे समुद्रावर टिकेल आणि मासवणला सूर्या नदीवरही चालेल. दोन वेगळी रिळं बाळगायची चैन आमच्या घरात नव्हती.

मुंबईला गेलो. दुकानात काचेच्या कपाटात चकचकीत रिळं मांडलेली... मी दुकानदाराला म्हटलं, "एखाद्याचं बाजूचं झाकण उघडून दाखवा. आतली चाकं पितळेची आहेत का ते बघायचंय."

त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ह्यांना म्हणाला, "साहेब, मिसेसना सांगा, असं उघडून दाखवत नाहीत. हे न्या, फॉरेनचा माल आहे. हलकं आहे, बाईमाणसालाही झेपेल."

आणि आमचे साहेब मान डोलवत होते... मी त्यांची बाही ओढली, "हे नको" म्हटलं. "चांगलं दिसतंय की," म्हणून त्यांनी ते बांधून घेतलं. ह्या माणसाने जन्मात कधी गळाला गांडूळ लावलेलं नव्हतं.

परतीच्या गाडीत वैतरणेचा पूल गेला, पालघर गेलं... मी खिडकीबाहेरच बघत राहिले.

रीळ मात्र मी जिवापाड जपलं. किनाऱ्यावरून आले की गोड्या पाण्याने धुवायचं, पुसायचं, तेलाचा थेंब सोडायचा. तरी वरच्या चकाकीखाली फोड यायला लागले. दोरा गुंडाळताना खाली पडते ती तारेची कमान, तिची स्प्रिंग लाल झाली... कच्च्या धातूचं काम, कितीही धुतलं तरी किती दिवस टिकणार?

मग तो रविवार. भरती चढत होती. रावसाने गळ घेतला आणि रॉड अर्धा वाकला... मी मूठ फिरवली. एकदा फिरली, दुसऱ्यांदा आत काहीतरी कडकन मोडलं आणि सगळं जाम झालं. दोरा तुटला.

शेजारीच तिथल्या कोळीवाड्यातली हिराबाई मासळी निवडत बसली होती. ती हळहळली, "गेला गं बाय... येवढा मोठा आमच्या जाळ्यात पन रोज नाय येत." तिचं ऐकून डोळ्यांत पाणी आलं. एवढ्यात आमच्या कॉलनीतले एक गृहस्थ हसत म्हणाले, "वहिनी, बाजारात मिळतो की मासा. बायकांनी कशाला या भानगडीत पडावं?"

मी सामान उचललं. घरी आले. हे जेवायला बसले होते. ते वाळूने माखलेलं रीळ मी त्यांच्या ताटाशेजारी आदळलं.

"हे तुम्ही पसंत केलंत. आता ह्याचंच कालवण करा."

ते गडबडले. "मग तेव्हा दुकानात नाही का सांगायचं?"

"सांगितलं होतं. माझी बाही तुमच्या बाहीला लागत होती, इतक्या जवळून सांगितलं. तुम्ही त्याचं ऐकत होतात."

ते नंतर नीट जेवले नाहीत. मीही आग्रह केला नाही.

पुढे ह्यांनी रजा काढली आणि आम्ही पुन्हा त्याच दुकानात गेलो. दुकानदाराने ओळखलं, आणि पुन्हा तेच... "या साहेब, आता ह्याहून भारी दाखवतो." माझ्या डोक्यात तिडीक गेली. आता मी बोलणार, तेवढ्यात ह्यांनी खिशातून एक लोहचुंबक आणि स्क्रूड्रायव्हर काढून माझ्या हातात दिला. घरच्या हत्यारांच्या पेटीतून आणला होता, मला पत्ताही नव्हता.

"गिऱ्हाईक त्या आहेत," ते दुकानदाराला म्हणाले. "मी पिशवी धरायला आलोय." आणि खरंच दाराजवळच्या स्टुलावर जाऊन रस्त्याकडे तोंड करून बसले.

मग मी काउंटरवर रिळं उघडली. दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा होता, पण मी बघितला नाही... जिथे चुंबक चिकटला, म्हणजे आत गंजणारं लोखंड, ते रीळ बाजूला. ज्याची चाकं पांढुरक्या मऊ धातूची ते बाजूला. शेवटी खालच्या खणातून एक काळं, ओबडधोबड, जड रीळ निघालं. आत पितळी चाकं, मूठ गुळगुळीत फिरणारी, आणि सोबत दोरा गुंडाळायची जादा फिरकी. एकीवर समुद्राचा जाड दोरा, दुसरीवर नदीचा बारीक... माझं काम झालं.

"बाई, हे दिसायला काही खास नाही," दुकानदार पहिल्यांदाच माझ्याशी बोलला.

"बांधा," मी म्हटलं.

ते रीळ आम्ही बोईसर सोडेपर्यंत चाललं, आणि त्यानंतरही. तेवढा मोठा रावस मात्र पुन्हा कधी लागला नाही... त्या दुकानदारावरचा राग गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही. आजही दुकानात माझ्या वस्तूची किंमत कुणी माझ्या मुलाला सांगायला लागलं की मी काठी आपटते.

हे जाऊन बरीच वर्षं झाली. त्या दिवशी ते उठून स्टुलावर जाऊन बसले, त्याबद्दल मी त्यांना कधी चांगला शब्द बोलले नाही, कारण त्यांच्यावरचा माझा राग ते असेपर्यंत उतरला नव्हता... आज उतरलाय. बरं केलंत हो.