जीप जागची हलेना

हसायचं असेल तर चहा आधी खाली ठेवा. मागे एकदा चहा सांडला होता आणि कपाचं बिल माझ्याच नावावर फाटलं. अशी फजिती माझी आयुष्यात एकदाच झाली, पण झाली ती अख्ख्या खाणीसमोर, पांढरा सदरा घालून!

पासष्टच्या आसपासची गोष्ट. मी बालाघाटजवळ भरवेलीच्या खाणीवर एका ठेकेदाराकडे मँगनीजच्या काळ्या दगडाचा ट्रक चालवायचो. संध्याकाळी घरी गेलो की बायको आधी आवाज ऐकायची, मग दार उघडायची. चेहऱ्यावरून ओळखायची सोयच नव्हती, इतका मी काळा होऊन यायचो. मला जगात एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे ठेकेदारसाहेबांची जीप. जीपच्या ड्रायव्हरला पांढरा सदरा घालता येतो हो!

आणि ती जागा रिकामी झाली. कशामुळे? तर बालाघाटच्या रेल्वे फाटकामुळे. फाटक उघडलं की जुना ड्रायव्हर गिअर शोधत बसायचा आणि बैलगाड्यासुद्धा साहेबांच्या पुढे निघून जायच्या. एक दिवस साहेबांचं डोकं फिरलं. त्यांनी मला आणि बिसेनला बोलावलं. बिसेन म्हणजे दुसऱ्या ट्रकवरचा ड्रायव्हर.

“इतवार को मैदान में मेरी और खदान की, दोनों जीप एक लाइन पे लगाओ. जो झट से गाड़ी उठा के पहले चूने की लकीर पार करेगा, मेरी जीप वो चलाएगा.”

चुन्याची रेघ शंभर पावलांवर. म्हणजे सगळा खेळ सुटण्याचाच! इकडे क्लच सोडायचा, तिकडे रेस द्यायची, दोन्ही एका दमात. चार दिवस मी घरी खाटेवर बसून सराव केला. डाव्या पायाखाली परात म्हणजे क्लच, उजव्या पायाखाली तांब्या म्हणजे रेस.

“अवो, परात द्या न! कणीक कशात मळू?” बायको ओरडायची.

“थांब वं, दुसऱ्या गिअरात हावो!”

रविवारी पांढरा सदरा घातला. बायकोला सांगून निघालो, “आज मले दुरूनच ओळखशील.”

मैदानावर पोचलो तर साहेबांचा पत्ता नाही. अर्धा तास गाडीत उकडलो. मग मी आणि बिसेन दोघंही उतरलो, नेहमीसारखं सगळं केलं आणि माझ्या जीपच्या सावलीत बिडी पेटवली. तेवढ्यात साहेब आले. धावत जाऊन जीपमध्ये बसलो. डोक्यात फक्त परात आणि तांब्या!

साहेबांनी रुमाल खाली केला. मी क्लच सोडला, रेस दिली. जीपने एक गचका खाल्ला आणि बंद! बिसेन रेघेपार. मी पुन्हा स्टार्ट केली. पुन्हा गचका, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा रबराचा वास आला. चौघांनी मागून ढकलली, तरी जीप जागची हलेना. बॉनेट उघडून झालं, लोक इंजिनात डोकावून झाले. सगळं ठीक!

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. बिसेन मघाशी माझ्याच जीपला टेकून बिडी ओढत नव्हता का?

“साहेब, यानं काहीतरी केलं!”

“मी काहून करीन गा?” बिसेन बिचारा रडकुंडीला आला.

तेवढ्यात सगुणाबाई, खाणीवर पाटी वाहणारी आमची रेजा, जीपशेजारी वाकली. “अवो भाऊ, चाकाखाली दगड हाय न!”

खरंच होता. मागच्या दोन्ही चाकांपुढे मँगनीजचे हे एवढाले दगड! मला स्फुरण चढलं. “पाहा साहेब! ज्यानं हे दगड ठेवले, त्याले आत्ताच्या आत्ता काढून टाका!”

“जरूर,” साहेब म्हणाले. “किसने रखे?”

सगुणाबाईने पदर सावरला आणि माझ्याकडे बोट केलं. “यायनंच त ठेवले, साहेब. मी पायलं न. बिसेनभाऊनं बी ठेवले होते, पण त्यायनं बसायच्या आधी काढले.”

आता तुम्हाला सांगतो, खाणीवर सगळा चढ-उतार. एकाही गाडीचा हातब्रेक धड नाही. ड्रायव्हर उतरला की चाकाला दगड लावणार म्हणजे लावणार! हात आपोआप जातो. सपाट मैदानातही गेला. काढायला मात्र डोकं लागतं, आणि ते तर परातीत होतं.

साहेब म्हणाले, “नौकरी से नहीं निकालता. पर पत्थर तूने रखे, तू ही उठा के खदान तक ले जा.”

एकेक दगड छातीशी धरून नेला. मँगनीजच तो, सदरा काळाकुट्ट झाला. बिसेन जीप घेऊन बाजूने गेला, हॉर्न वाजवत.

संध्याकाळी घराचं दार वाजवलं. बायकोने फटीतून पाहिलं आणि कडी न काढताच म्हणाली,

“कोण हाय जी? ते घरी नाहीत. आजपासून ते पांढऱ्या सदऱ्यात येतीन.”