चौदाशेचा रिपोर्ट

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आमची कंपनी वर चढली. जागेचं नाव सांगत नाही, सांगून तुम्हाला काही कळणारही नाही. उंची साडेपंधरा हजार फूट. चहूकडं बर्फ. सोलापूरच्या उन्हात वाढलेला माझ्यासारखा माणूस तिथं दिवसभर नाक पुसत बसतो. मी नाईक भीमराव शिवशरण, गाव कुंभारी, कंपनीचा रेडिओ ऑपरेटर. हेडक्वार्टरच्या बंकरमध्ये सेटपाशी बसायचं, हे माझं काम. आमच्या पुढं कड्यावर तीन पोस्टा होत्या. तीन नंबरवर तिघं जण. त्यांचा कमांडर नाईक तानाजी उबाळे, माढ्याजवळच्या खेड्यातला.

तानाजी आणि मी एकाच भरतीचे. ट्रेनिंगला आमच्या कॉटा शेजारी शेजारी. तो मला 'राम राम' घालायचा, मी त्याला 'जय भीम'. सेटवर मात्र दोघांचं एकच, 'ऑल ओके'.

हे जरा समजावून सांगतो, कारण पुढचं सगळं यावरच आहे. दर तासाला प्रत्येक पोस्ट खाली कळवते की सगळे ठीक आहेत. ऑपरेटर रिपोर्ट ऐकतो, लॉगमध्ये वेळ टाकतो आणि पुढं 'ऑल ओके' लिहितो. रिपोर्ट आला नाही तर तीनदा हाक मारायची. तरी उत्तर नसेल तर ड्युटीवरच्या सुभेदारसाहेबांना ताबडतोब सांगायचं. यात अक्कल चालवायची नसते. कान उघडे आणि हातात पेन्सिल, एवढंच.

पण थंडीत सेटची बॅटरी बसते. जानेवारीत एकदा एक नंबरचा रिपोर्ट आला नाही म्हणून मी नियमाप्रमाणे कळवलं. चार जवान कमरेएवढ्या बर्फातून दोन तास चढून गेले. पाहतात तर पोस्टवरची मंडळी पत्ते खेळत होती आणि बॅटरी गार पडली होती. सुभेदारसाहेबांनी सगळ्यांदेखत माझी अशी बिनपाण्याने केली की पुढं चार दिवस लंगरमध्ये पोरं मला सेटवरच्या नावानं 'घाबरट कंट्रोल' म्हणत होती. तेव्हापासून मी शहाणा झालो. पोस्ट गप्प राहिली की बॅटरी बसली समजायचं आणि ओके लिहून टाकायचं. असं करणारा मी एकटा नव्हतो. पण हे मी बचाव म्हणून सांगत नाही.

त्यानंतर आठवड्यानं एके दिवशी १३०० वाजता, म्हणजे दुपारी एकला, तानाजी स्वतः सेटवर आला.

"थ्री फॉर कंट्रोल. ऑल ओके. चहापत्ती संपलीय. उद्याच्या पार्टीबरोबर दोन पाकिटं पाठव. ओव्हर."

"चहा कमी पी. रॉजर. आउट."

१४०० वाजता तीन नंबर गप्प. मी हाक मारली. दुसऱ्यांदा मारली. तेवढ्यात लंगरमधून जेवण आलं, गरम भात आणि राजमा. तिसरी हाक मी मारलीच नाही. लॉग ओढला आणि लिहिलं, '१४००. तीन नंबर. ऑल ओके.' मग जेवलो. दोनदा भात घेतला, तेही आठवतं.

१५०० वाजता पुन्हा उत्तर नाही. आता मात्र तीन हाका मारल्या आणि धावत सुभेदारसाहेबांकडं गेलो. दोन नंबरची पार्टी १५५० ला पोहोचली. वरचा बर्फ घसरून बंकर गाडला गेला होता. दोघं जिवंत निघाले, पण किती वाजता काय झालं हे त्यांना सांगता येईना. तानाजी दाराशी होता. त्याच्या हातात हेडसेट होता. डॉक्टरसाहेब एवढंच म्हणाले, "तासभर आधी काढला असता तर वाचला असता."

चौकशी बसली. मेजरसाहेबांनी लॉग समोर ठेवला.

"चौदाशेचा रिपोर्ट कोणी दिला?"

"नाईक उबाळे, साहेब."

"आवाज ओळखलात?"

"हो, साहेब."

सगळं मिळून एका मिनिटाचं काम. माझं हवालदारपद तोंडावर आलं होतं, हे खरं. पण त्याहून खरं हे की मी घाबरलो होतो. बर्फ दोननंतर घसरला असा निष्कर्ष निघाला. तीनला खबर देऊन मी दोन जीव वाचवले, म्हणून मला कमांडरसाहेबांचं प्रशस्तिपत्र मिळालं. माझी बायको शांता हिनं ते फ्रेम करून कुंभारीच्या घरात दर्शनी भिंतीला लावलं. 'दक्षतेबद्दल' असं त्यावर लिहिलेलं आहे. पुढची कैक वर्षं मी त्या भिंतीकडं पाठ करून जेवलो.

मी त्याच जिल्ह्याचा, म्हणून पार्थिवाबरोबर मलाच पाठवलं. तानाजीची बायको मंगल तेव्हा पंचवीस-सव्वीसची असेल. मांडीवर लहान लेक. सगळे विधी झाल्यावर ती माझ्यापाशी आली.

"भावजी, शेवटचं कुनाशी बोलले त्ये?"

"माझ्याशी, वहिनी. दोन वाजता."

"काय म्हनले?"

"ऑल ओके म्हणाले. म्हणजे सगळं ठीक आहे, काळजी करू नका."

'काळजी करू नका' हे तर मी पदरचंच घातलं.

तिनं ते धरून ठेवलं. वर्षभरानं गावच्या शाळेच्या मैदानात तानाजीचा चबुतरा झाला. त्यावर नावाखाली खोदलं, 'शेवटचा निरोप: ऑल ओके'. दर जानेवारीत, त्या दिवशी दुपारी बरोबर दोन वाजता शाळेची मुलं रांगेत उभी राहतात, सॅल्यूट करतात आणि एका आवाजात 'ऑल ओके' म्हणतात. प्रमुख पाहुणा कोण, तर मी. नारळ, शाल, टोपी. एकदा हेडमास्तरांनी मला 'तो शेवटचा आवाज ऐकणारा भाग्यवान' म्हटलं आणि टाळ्या पडल्या. मीही हात जोडले. तिथंच धरणी दुभंगून आत गेलो असतो तर बरं झालं असतं.

रिटायर होऊन मी सोलापुरात नवी पेठेतल्या एका कापड दुकानावर गार्ड म्हणून लागलो. दार उघडायचं, गाड्या सरळ लावायला सांगायच्या, लग्नसराईत गर्दी आवरायची. आमच्याकडं फौजीला हुद्दा न विचारता 'मेजर' म्हणतात, तसा मी दुकानाचाही मेजर झालो. साठी उलटल्यावर मालकानं गोड बोलून निरोप दिला. मग घरीच. दारापासून मोरीपर्यंत आणि मोरीपासून दारापर्यंत येरझाऱ्या. शांता म्हणायची, "अवं, घरात कसली गस्त घालताय? शत्रू आलाय का?"

आमच्या भागात कामगारांची घरकुलं आहेत. म्हाताऱ्या बायका पुष्कळ, आणि बऱ्याचशा एकट्या. आयुष्यभर विड्या वळल्या, मुलं भिवंडीला नाहीतर पुण्याला. तिसऱ्या दारात नरसम्मा राहायची. वय पंचाहत्तरच्या पुढं, घरची भाषा तेलुगू, मराठी आमच्यासारखीच. रोज सहा वाजता ती दारात सडा टाकत असायची.

एके दिवशी मी दुधाला निघालो तर तिचं दार बंद, अंगण कोरडं. मनात म्हटलं, झोपली असेल. पुढं गेलो. दूध आणलं, चहा घेतला, पेपर वाचला. दहा वाजता शांता म्हणाली, "नरसम्माचं दार अजून बंद हाय की वो." आता मी उठलो. हाका मारल्या, कडी तोडली. ती मोरीत पडलेली होती, खुबा मोडलेला. मला पाहून क्षीण आवाजात म्हणाली,

"सकाळी तूच गेला ना रे मेजर? चप्पल ऐकली मी. हाक मारली की तुला."

चार तास. तानाजीला मी एक तास दिला होता, हिला चार. ती वाचली, आज वॉकर घेऊन फिरते, मला शिव्याही घालते. पण त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर मला स्वतःची किळस आली. सगळी नोकरी करून मी तोच होतो, समोरचा गप्प आहे तर ठीकच असेल म्हणणारा.

दुसऱ्या दिवशी एक शंभरपानी वही आणली. रकाने आखले. नाव, वेळ, खूण. एकट्या राहणाऱ्यांची यादी केली. आधी नऊ नावं होती, आता एकतीस आहेत. सकाळी सातला सायकल काढतो. दारात थांबतो, हाक मारतो. नियम एकच: त्या माणसाचा स्वतःचा आवाज कानावर पडल्याशिवाय खूण करायची नाही. शेजारीण 'आहे हो आत' म्हणाली तरी चालत नाही. कुणाला दवाखान्यात न्यायचं असतं, कुणाचा चष्मा मोडलेला असतो, कुणाला मुलाला फोन लावून हवा असतो. दुपार कधी होते कळत नाही. लोक म्हणतात, मेजरनी म्हातारपणी नवीनच काम काढलं. मी म्हणतो, नवीन काही नाही. जे पंचविसाव्या वर्षी शिकवलं होतं ते साठीनंतर करायला लागलो.

वहीच्या पहिल्या पानावर पहिल्या ओळीत मी एक नाव लिहिलं होतं. नाईक तानाजी उबाळे. १४००. पुढचा रकाना कोरा, खालची एक ओळही मोकळी.

गेल्या डिसेंबरात मंगलवहिनी कुंभारीला आल्या. दरवर्षी आमंत्रण हेडमास्तरांच्या फोनवर येतं, पण या वेळी त्यांना डोळे दाखवायला सोलापूरला यायचं होतं. हुरड्याची पिशवी आणली होती. लेक सासरी गेली, घरात त्या एकट्या. शांतानं माझ्या वहीचं कौतुक केलं आणि ती त्यांच्या हातात दिली. मी मोरीवर हात धुवत होतो. परत आलो तेव्हा त्या पहिलंच पान बघत होत्या.

"भावजी, समद्यांच्या म्होरं खूण हाय. ह्यांच्या म्होरं का न्हाय?"

तेव्हाही खोटं सुचत होतं. चांगली तीन-चार उत्तरं जिभेवर आली. पण भिंतीवर ते प्रशस्तिपत्र होतं, आणि समोर ती बाई बसली होती जिला मी मुलांकडून दरवर्षी तेच खोटं ऐकवत होतो.

उभ्या उभ्याच सांगितलं. दोन हाका मारल्या, तिसरी मारली नाही, जेवलो, खोटं लिहिलं, चौकशीत खोटं बोललो, तुमच्याशी खोटं बोललो. डॉक्टरांचं वाक्यही सांगितलं.  शांता तोंडाला पदर लावून आत गेली.

वहिनींनी त्या पहिल्या ओळीवर हात ठेवला. मग म्हणाल्या,

"मंग खरं शेवटचं काय बोलले त्ये?"

"चहापत्ती संपलीय म्हणाला. दोन पाकिटं मागितली."

"आन तुमी?"

"चहा कमी पी म्हणालो."

त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं आणि त्याच हसण्यात त्या रडायला लागल्या. "व्हय. चा लई लागायचा त्येंला," एवढं म्हणून डोळे पुसले. पिशवी उचलली. उंबऱ्यात वळल्या.

"यंदा तुमी येऊ नगा, भावजी."

"नाही येत."

मी प्रशस्तिपत्र भिंतीवरून काढलं. जुन्या युनिटच्या रेकॉर्ड ऑफिसला सगळं लिहून रजिस्टर पत्र पाठवलं. अजून उत्तर नाही. येईल ते येईल.

जानेवारीतल्या त्या दिवशी मी तानाजीच्या गावाला गेलो नाही. फेरी केली. दोन वाजता अंगणात सावधानमध्ये उभा राहिलो. सॅल्यूट केला नाही, तो हक्क वाटला नाही. नुसता उभा राहिलो.

तीन आठवड्यांनी सकाळी फोन आला.

"भावजी, दगडावरलं त्ये घासून काडलं म्या. आता निस्तं नाव हाय."

"बरं केलंत, वहिनी."

"हेडमास्तर इचारत हुते, का म्हून. म्या खरं ते सांगितलं."

"बरं केलंत."

बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. फोन कट झाला असं वाटलं. पण मी ठेवला नाही.

"माफ केलं असं समजू नगा."

"नाही समजत."

"पर त्या वहीत माझं बी नाव घाला. हितं मी बी एकलीच हाय."

तेव्हापासून रोज सायकल काढायच्या आधी पहिला फोन माढ्याकडं. एकदा त्या शेतात होत्या, उचलला नाही. दुसऱ्यांदा लावला, नाही. तिसऱ्यांदा लावला, तरी नाही. शेजारच्या घरी फोन केला, त्यांना बांधावर धाडलं, आणि फोन कानाला लावून वीस मिनिटं अंगणात उभा राहिलो. शेवटी धापा टाकत त्या बोलल्या.

"हाय मी, भावजी. हाय. लिवा."

मी लिहिलं. ०७२५. मंगल उबाळे. खूण. त्यांची ओळ पहिल्याच पानावर आहे, तानाजीच्या खाली. त्याचा रकाना मात्र कोराच आहे.