रंगूनहून परतलेला मावसभाऊ

माझ्या मावसभावाला शेगावच्या स्टेशनवरून मी कसा सोडवून आणला, याच्या तीन हकिगती आजही डोणगावात सांगितल्या जातात आणि तिन्ही खोट्या आहेत. पहिलीत मी अधिकाऱ्याच्या टेबलावर मूठ आपटतो. दुसरीत कोणा पुढाऱ्याचा फोन येतो. तिसरी मेहकरच्या एका दिवंगत वकिलांचे चिरंजीव सांगतात; तीत सगळा खटला त्यांच्या वडिलांनी लढवला आणि मी पिशवी धरून बाहेर उभा होतो. खटला झालाच नव्हता, हे त्या गृहस्थांना कोणीतरी सांगायला हवे. पुढाऱ्याला आमच्यासारख्यांचे नावही ठाऊक नव्हते. आणि ते टेबल इतके डुगडुगते होते की मूठ आपटली असती, तर दौत माझ्याच धोतरावर सांडली असती. मी तेथे होतो, हे तिघे नव्हते.

महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षे झाली होती. मेहकरच्या तहसील कचेरीसमोर मी अर्जनवीस म्हणून बसत असे. लोकांचे अर्ज लिहिणे हा माझा धंदा आणि कायदा वाचणे हा नाद. राज्यघटनेचे मराठी पुस्तक मी दोनदा शिवून घेतले होते. बाकीचे कायदे त्याच दिवंगत वकिलांच्या कपाटातून वाचायला आणीत असे. त्या वकिलांचा माझ्या हकिगतीशी संबंध एवढाच.

मावसभाऊ पंधराव्या वर्षी एका रेल्वे ठेकेदाराबरोबर रंगूनला गेला आणि तिकडेच सुतारकामात रमला. त्या वर्षांत ब्रह्मदेशातून आपली माणसे जहाजे भरभरून परतत होती. कलकत्त्याच्या गाडीने येतो, असे त्याचे पत्र आले, तेव्हा मी मावशीला घेऊन शेगावला गेलो. ती विधवा, साठी उलटलेली. मुलगा दिसून तिला तीस वर्षे होत आली होती.

तो डब्यातून उतरला. मावशीने त्याच्या तोंडावरून फिरवायला हात उचलला, तोच एक अधिकारी आणि एक शिपाई मध्ये आले. बाहेरून येणाऱ्यांचे कागद तपासण्यासाठी ते जिल्ह्याच्या ठिकाणाहून आले होते. मावसभावाने रंगूनच्या भारतीय वकिलातीने दिलेला प्रवासाचा कागद पुढे केला. बंदरावरच्या कोणा कारकुनाने त्यात जन्मस्थान म्हणून रंगून लिहिले होते. मावसभावाला ते इंग्रजी वाचता येत नव्हते, आणि विचारल्यावर त्याने अभिमानाने सांगितले, "जनम डोणगावचा, साहेब."

"कागद खरा, तर माणूस खोटा. माणूस खरा, तर कागद खोटा," अधिकारी म्हणाले आणि त्याला बाजूच्या खोलीत नेले. मी मागोमाग गेलो. मावशी दाराशी उभी राहिली. तिला कोणी हलवू शकले नाही.

शिपायाने इंग्रजीत चार ओळी लिहून कागद मावसभावापुढे सरकवला. "कर इथे सही."

"थांब," मी म्हणालो. "साहेब, यात काय लिहिले आहे, ते त्याला समजेल अशा भाषेत आधी वाचून दाखवावे."

"तुम्ही कोण?"

"त्याचा मावसभाऊ. मेहकरचा अर्जनवीस."

अधिकाऱ्यांनी कपाळाला हात लावला. "म्हणजे आता दुपार गेली!"

पण त्यांनी वाचून दाखवले, हे मी त्यांच्या बाजूने नोंदवतो. मी रंगूनचा रहिवासी आहे, येथे माझे कोणी नाही आणि परत पाठवल्यास माझी हरकत नाही, असा त्याचा अर्थ होता. दारातून मावशी ओरडली, "कोनी नाही? मंग मी कोन आहो रे, मुडद्या?" शिपायाने मान खाली घातली.

मी एकच प्रश्न विचारला. याला अटक केली आहे की नुसती चौकशी आहे? चौकशी असेल, तर ती संपल्यावर तो जाऊ शकतो. अटक असेल, तर कारण सांगावे, वकिलाला भेटू द्यावे आणि चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे. घटनेचे बाविसावे कलम हे संरक्षण देताना 'नागरिक' म्हणत नाही, 'व्यक्ती' म्हणते. तेव्हा हा परदेशी ठरो वा न ठरो, ते त्याला लागू आहे. हे मी उभे राहून, हात जोडून आणि आवाज न चढवता सांगितले.

अधिकारी जाणते होते. हकिगती सांगणारे त्यांना मूर्ख ठरवतात, तेही मला मान्य नाही. ते म्हणाले, "बाविसावे वाचलेत, उत्तम. परदेशी व्यक्तींच्या कायद्याचे नववे कलमही वाचले असेल. आपण परदेशी नाही, हे सिद्ध करायचे कोणी?"

"ज्याच्याबद्दल प्रश्न आहे त्याने," मी म्हणालो. खोटे बोलून उपयोग नव्हता.

"मग करा सिद्ध. पुढच्या सोमवारी बुलढाण्याला या, जन्माचा पुरावा आणा. नाही आणलात, तर मी त्याला परत पाठवण्याचा अहवाल लिहीन."

"मुदत लेखी द्यावी."

त्यांनी ती लेखी दिली. चार ओळींचा कागद तसाच बिनसहीचा राहिला आणि मावसभाऊ तोवर आमच्याबरोबर घरी आला.

आमच्या भागात मूल जन्मले, की गावचा कोतवाल आपल्या बुकात नोंद करीत असे आणि ती बुके पुढे तहसिलीत जमा होत. नोंदीची नक्कल कोणालाही अर्ज करून मिळते. मंगळवारी मी मेहकरला डोणगावचे बुक काढायला लावले. मावसभावाच्या जन्माची नोंद नव्हती. बुधवारी मागचे-पुढचे वर्ष पाहिले. नव्हती. गुरुवारी अभिलेखपालाने हात टेकले आणि 'नोंद आढळत नाही' असे लिहून दिले. तो कागद सोमवारी नेणे म्हणजे मावसभावाला स्वतः जहाजावर बसवणे होते.

मावशी माझ्या अंगणात तूर निवडत बसली होती. मावसभाऊ तिच्याजवळ बसला होता. तीन दिवसांत त्याने ट्रंकसुद्धा पुरती उघडली नव्हती.

"काय झालं बे?" मावशीने विचारले.

"नोंद नाही, मावशे."

"कोन्या गावचं बुक पाह्यलं?"

"डोणगावचं. दुसऱ्या कोन्या गावचं पाहू?"

तिने सूप खाली ठेवले. "वा रे कायदेवाल्या! पहिलं बायंतपन कोनी सासरी करते काय? मी सातव्या महिन्यात माहेरी गेली होती. तुह्या मायनं तुले बी तिथंच काढलं, त्याच खोलीत. आठवन राहाची नाही, पन अक्कल तं राहाची!"

मावसभाऊ परतल्यापासून पहिल्यांदा हसला. मी हसलो नाही. मी थोरला मुलगा, मीही त्याच आजोळी जन्मलो, आणि तीन दिवस त्याच्या बापाच्या गावचे बुक चाळत होतो. ही चूक कोणत्याच हकिगतीत येत नाही. मीच ती आजवर कोणाला सांगितली नव्हती.

मावशीचे माहेर चिखली तालुक्यात. शुक्रवारी मी चिखलीच्या तहसिलीत अर्ज दिला आणि शनिवारी कचेरी बंद होण्याआधी नक्कल हातात घेतली. बापाचे नाव, गाव डोणगाव, सासरवाडीस मुलगा झाला, एवढीच ओळ होती. पण तिच्यावर सरकारी शिक्का होता. डोणगावच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातील त्याच्या प्रवेशाचा उतारा मी आधीच घेऊन ठेवला होता.

सोमवारी बुलढाण्याला अधिकाऱ्यांनी दोन्ही कागद सावकाश वाचले. "यात मुलाचे नाव नाही," ते म्हणाले.

मी तोंड उघडणार, तोच मावशी बोलली. "कोतवाल पाचव्या दिवशी लेहून गेला, साहेब. नाव बाराव्या दिवशी ठेवतेत. थांबला असता तं सांगतलं असतं."

"दुसरा मुलगा नाही?"

"मंग दोन पोरी झाल्या. पोरगा हा एकच."

त्यांनी तिच्याकडे पाहिले, मावसभावाकडे पाहिले आणि कागदाच्या कडेला लिहिले की जन्म या जिल्ह्यात झाल्याचे दिसून आले, रंगूनचा उल्लेख चुकीचा, पुढील कार्यवाही नाही. मग म्हणाले, "आजी, घेऊन जा मुलाला."

"घेऊन जायले तो काय गठुडं आहे? आपल्या पायानं येईन," मावशी म्हणाली आणि पदर सावरत पुढे निघाली.

कोणाला हवी असल्यास ती नक्कल मी दाखवतो. शोध मावशीचा होता, हे मी मान्य करतो. मुदत मात्र मी मिळवली होती. मावसभाऊ डोणगावात बावीस वर्षे सुतारकाम करून घरीच वारला. त्याने केलेल्या चौकटी अजून तेथल्या घरांना आहेत. वकिलांच्या चिरंजिवांनी येऊन पाहाव्यात.