मिलादाबाईंचे अजगर

चेक देशातल्या ओलोमोउत्स शहरात पंचवीस वर्षं ट्राम चालवून मिलादा निवृत्त झाली, तेव्हा सोबतच्या लोकांनी तिला भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते लावायला तिच्याकडे भिंत नव्हती. सातव्या मजल्यावरच्या दोन खोल्यांपैकी मोठी, उबेची खोली अजगरांची. जमिनीपासून छतापर्यंत काचेच्या पेट्या, त्यांत बोआ जातीचे अजगर, आणि खिडकीशी काडीकिड्यांचे जाळीचे पिंजरे. भर थंडीत ती बर्फ उकरून काटेरी झुडपांचा हिरवा पाला आणायची, का तर किडे उपाशी राहू नयेत. स्वतः झोपायची स्वयंपाकघरात, घडीच्या खाटेवर. नवऱ्याने एकदा “मी की ते?” असं विचारलं होतं. बिचाऱ्याने आधी नीट विचार करायला हवा होता.

तिच्या बोआंचा वंश बावीस वर्षांचा. एका जोडीपासून वाढवलेला, शेपटीकडे विटकरी तांबडा, स्वभावाने गरीब. पाळीव जनावरांच्या बाजारात लोक त्यांना नुसतं “मिलादाचे” म्हणत, आणि तेवढ्याने भागायचं. पण घरातल्या घरात किती पिढ्या काढणार? पिल्लं अशक्त निघायला लागली होती. सगळ्यात चांगली मादी बारोन्का वयाने उतरत होती. तिला बाहेरचा नर मिळाला नाही तर वंश बुडणार, हे मिलादाला कळत होतं.

तसा नर ओताकारकडे होता. ओताकार म्हणजे साप पाळणाऱ्यांच्या मंडळातला वजनदार माणूस आणि तिचा तीस वर्षांपासूनचा मित्र. आम्हा पाळणाऱ्यांत रीत अशी, की नर मादीला लावायला आणला तर निम्मी पिल्लं नराच्या मालकाची. नोव्हेंबरात तो नराला उशीच्या अभ्र्यात घालून, कोटाखाली धरून, धापा टाकत वर आला.

“लिफ्ट पुन्हा बंद आहे तुमची.”

“बरंच झालं. पोट बघ स्वतःचं.”

“पोट नाही गं ते, जावईबापू आहेत.”

नवं जनावर रोग नाही ना हे कळेपर्यंत तीन महिने वेगळ्या खोलीत ठेवायचं, हे मिलादा नवशिक्यांना दरडावून सांगायची. त्या दिवशी तिने स्वतःच ते मोडलं. ओताकारचा नर वेगळा ठेवायचा म्हणजे जुन्या मित्राला दारात अडवून हात स्वच्छ आहेत का बघू म्हणण्यासारखं. परक्याचं जनावर तपासायचं आणि मित्राचं तपासायला लाजायचं, हा आम्हा जुन्या लोकांचा मूर्खपणा आहे. तिने आलुबुखाऱ्याच्या दारूचे दोन पेले भरले आणि नर सरळ बारोन्काच्या पेटीत सोडला.

जूनमध्ये बारोन्का व्याली. अठरा पिल्लं, सगळी धडधाकट. मिलादा त्या दिवशी जेवायचंच विसरली. नऊ ओताकार घेऊन गेला. तिच्या नवांपैकी तीन तिने ठेवली, सहा ओळखीच्या तिघांना दिली.

ऑक्टोबरात बारोन्काने खाल्लेला उंदीर ओकून टाकला. पुढच्या आठवड्यात ती मान मागे टाकून छताकडे बघत राहायला लागली, उलटी पडली की तिला सुलटं होता येईना. मिलादाने हे पूर्वी दुसऱ्यांच्या घरी पाहिलेलं होतं. विषाणूचा रोग, इलाज नाही, आणि वरून निरोगी दिसणारं जनावर तो वर्षानुवर्षं अंगात बाळगतं. डॉक्टरांनी रक्त तपासून तेच सांगितलं. तिने ओताकारला फोन केला.

“नर तर ठणठणीत आहे माझा,” तो म्हणाला. “नर तुझ्याकडे आणला त्याच्या आदल्या वसंतात दोन माद्या गेल्या होत्या, पण त्या थंडीने.”

“मान मागे टाकायच्या?”

“हे बघ, तू विचारलंच नाहीस.”

तिने फोन ठेवून दिला.

मग तिने जे करायला हवं होतं ते केलं. तिघांना फोन करून सहाही पिल्लं परत आणली. घरातली आणि परत आलेली मिळून चौदा जनावरं इंजेक्शन देऊन संपवायला डॉक्टरांकडे नेली आणि प्रत्येकाला शेवटपर्यंत स्वतःच्या हातात धरलं. मंडळाच्या बैठकीत उभं राहून सगळं सांगितलं, नर कुणाचा होता तेही.

ओताकारने शांतपणे विचारलं, “रोग सापडला कुणाच्या घरात? माझ्या घरात कुणाला सापडलाय का?”

त्याने तपासणीच केली नव्हती, सापडणार कुठून? पण लोकांना सोपं काय ते पटतं. त्या संध्याकाळपासून मिलादाच्या शेजारची खुर्ची रिकामी राहायला लागली. ज्या बाईने मिलादाकडून पाळायला काडीकिडे नेले होते, तिने तेसुद्धा परत आणून दिले. किड्यांना हा रोग होत नाही, हे त्या बाईला मिलादानेच शिकवलं होतं.

मार्चमधल्या बाजाराला ती तरीही गेली. ओताकारचं टेबल दाराजवळच होतं. त्यावर प्लास्टिकच्या नऊ डब्या, विटकरी शेपट्या. लोकरी टोपीतल्या एका माणसाला तो सांगत होता, “अस्सल मिलादाबाईंचा वंश. बाईंकडची जनावरं तर गेली बिचारी. आता हे माझ्याकडेच, दुसरीकडे कुठे मिळायचं नाही.”

त्या माणसाने पैसे देऊन एक डबी घेतली आणि ऊब मिळावी म्हणून स्वेटरच्या आत घातली. मिलादाने त्याला दाराशी गाठलं.

“घरी नेऊ नका ते. आजारी आहे.”

“तुम्ही कोण?”

“मिलादा. हा वंश माझाच.”

तो दोन पावलं मागे सरकला. “म्हणजे ज्यांच्या घरी तो रोग निघाला, त्या तुम्हीच का? लांबूनच बोला हं. मला जपायला हवं.”

“घरी आणखी अजगर आहेत तुमच्याकडे?”

“आहेत की,” तो म्हणाला आणि स्वेटरवरून हात फिरवला. “अकरा.”