बापूचा गाल, पॉलिश पेपर आणि सांगलीतला मोकळा खिळा

खर्र, खर्र, खर्र. शाळेच्या ओसरीवर कोळशाने पाटी घासतानाचा तो आवाज. आत वर्ग चालीवर कविता म्हणत असायचा आणि बाहेर मी आणि बापू पाट्या काळ्याभोर करत बसायचो. बापूला दुसरं कडवं कधी आलं नाही. मला अजून सगळी येतात.

तोच आवाज आता साताऱ्यात माझ्या गच्चीवर येतो. कागदाला औषध लावायचं, वर निगेटिव्ह ठेवून उन्हात धरायचं, मग पाण्यात धुवायचं. निळाशार फोटो उमटतो. वाळला की मी त्यावर पॉलिश पेपर चालवतो. निळाई खरवडली जाते, खालचा पांढरा कागद वर येतो. मुलगा म्हणतो, "बाबा, चांगला फोटो का नासवता?" नासतो तर नासतो. माझा कागद, माझं ऊन.

बापू फौजेतून निवृत्त झालाय, कवठे महांकाळजवळ त्याची द्राक्षबाग आहे. डाव्या गालावर फौजेतल्या जखमेचा लांब वण आहे आणि आजवरच्या प्रत्येक फोटोवाल्याने तो पुसून टाकला. लग्नाच्या फोटोतही गाल गुळगुळीत. मी त्याचा निळा फोटो केला तेव्हा उलट केलं. झिरो नंबरच्या पेपरची घडी घातली आणि तिच्या धारेने वण पांढराफेक उघडा केला. सांगलीतल्या एका प्रदर्शनात हा फोटो लागणार होता, पण बापूने बघितल्याशिवाय लावायचा नाही असं मी ठरवलं होतं. म्हणून निघालो.

पंचाहत्तरी ओलांडल्यामुळे एसटी फुकट. कराडपर्यंत रस्त्याचं काम आणि धूळ, पेठ नाक्याला वळल्यावर दोन्हीकडे ऊस. असे फोटो नेणार असाल तर बटर पेपर लावून प्लास्टिकच्या पाइपात गुंडाळा, नाहीतर निळी भुकटी सगळीकडे होते. माझा पाइप बघून कंडक्टर म्हणाला, "आजोबा, बंदूक हाय का काय?"

"फोटो आहे."

"मग एवढं मिठीत धरून का बसलाय?"

मिरज सोडलं की ऊस मागे पडतो, माळ आणि बाभळी सुरू होतात. शाळेतली कविता मनात आपोआप येते. बापूच्या घरी पोचलो, त्याने फोटो उलगडला आणि थेट गालावर बोट ठेवलं.

"ह्यो वण कशापायी उकरलास रं?"

"आहे म्हणून."

"हाय म्हनून चारचौघांत टांगायचा व्हय? लोक मला बघायचं सोडून गाल बघतील."

वहिनी चुलीपाशी होत्या. "आवं, मी लगीन झाल्यापास्नं त्योच गाल बघतीया. मला कुनी इचारलं?"

"तू गप बस."

"गप कशाला बसू? भावजींनी माझाच नवरा काढलाय."

बापू माझ्याकडे वळला. "साधा हाय का दुसरा? त्यो लाव."

"आहे. पण लावणार नाही."

"मंग ह्योबी न्हाई."

"नाही तर नाही."

बाजरीची भाकरी आणि खर्डा आम्ही एकमेकांकडे न बघता खाल्ला. निघताना त्याने बेदाण्याची पिशवी माझ्या हातात कोंबली, तीही तोंड फिरवून.

दुसऱ्या दिवशी सांगली. प्रदर्शन मांडणाऱ्या बाईंनी माझ्याकडचा न घासलेला फोटो उचलला. "काका, हाच लावू ना. किती सुंदर आहे."

"सुंदर आहे, पण तो बापू नाही."

"मग भिंत रिकामी दिसेल."

"दिसू द्या. खिळा आणि माझ्या नावाची चिठ्ठी मात्र काढायची नाही."

त्यांनी कपाळाला हात लावला. मी भडंग घेतलं आणि एसटी धरली. भडंग कराडच्या आत संपलं.

घरी मुलाने विचारलं, "झालं समाधान?" झालं. बापूचा नकार मी पाळला, आणि त्याला खोटा गालही दिला नाही. नखांत निळं अजून आहे. तुम्हीही फोटो घासत असाल तर हात आवरू नका. मात्र ज्याचा चेहरा असेल त्याच्या दारात जाऊन एकदा शिव्या खाऊन या.

एवढं लिहून झालं आणि बेल वाजली. दारात बापू. कडक इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर फौजेतली टोपी, बुटांवर धूळ.

"सांगलीला गेलतो. चार गडी संगं नेलं. तुझ्या नावावर नुसता खिळा हाय."

"तूच नको म्हणालास."

"साधा तरी लावशील वाटलं." तो आत येईना. "गडी म्हनत्यात, बापूला तोंड दाखवायची लाज वाटली. लाज? मला?"

मी म्हणालो, "बस तर. चहा टाकतो."

"चहा ऱ्हाऊ दे. आन त्यो घासलेला. प्रदर्शन बंद व्हायच्या आत मला खिळ्यावर लागायचंय."